कुरुंद, माणिक आणि मोटारीची नळी

रायपूरच्या शंकर नगरात रविवारची सकाळ मोटारी धुण्याने उजाडते. आठवडाभर कचेरीच्या दारात उभ्या राहिलेल्या गाड्या त्या दिवशी घरच्या अंगणात असतात, आणि फाटकाफाटकाशी बादल्या, फडकी आणि साबणाचा फेस दिसू लागतो. उरला आणि सिलतरा या औद्योगिक पट्ट्यांकडून वाऱ्याबरोबर येणारी काळी भुकटी या शहराच्या गच्च्यांवर बसते तशी मोटारींवरही बसते. त्यामुळे येथे गाडी धुणे ही हौस नसून एक नित्यकर्म होऊन बसले आहे. अशाच एका रविवारी माझ्या हातून जो प्रमाद घडला, त्याने मला एका धातूच्या इतिहासाचा शोध घ्यावयास लावले. तोच इतिहास येथे सांगण्याचे योजिले आहे.

माझ्यापाशी वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. वडील मूळचे नागपूरच्या सचिवालयातले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्य प्रदेशाची फाळणी होऊन विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. त्या वेळी ज्या अनेक मराठी कर्मचाऱ्यांची नावे नव्या मध्य प्रदेशाच्या यादीत राहिली, त्यांत त्यांचेही होते. नागपूरचे बिऱ्हाड भोपाळला गेले आणि परतीची भाषा हळूहळू बंद झाली. पुढे कित्येक वर्षे नाव नोंदवून, वाट पाहून, त्यांनी ही गाडी घेतली. आणि घेतल्यावर पहिली हौस कोणती केली असेल, तर सुट्या भागांच्या दुकानातून क्रोमचे एक चकचकीत तोंड आणून ते मागच्या नळीला बसविले. त्या नळीला आपण सर्रास सायलेन्सर म्हणतो. वास्तविक सायलेन्सर हे तिच्या मध्यावरचे आवाज गिळणारे डबडे. मागे दिसते ते केवळ धूर बाहेर सोडणारे शेपूट. पण त्या वीतभर शेपटाला वडील जितके जपत तितके त्यांनी स्वतःच्या चष्म्यालाही जपले नसेल. गाडी थंड झाल्यावाचून ते त्याला हात लावीत नसत, आणि लावला तर मऊ सुती धोतराच्या तुकड्यानेच. "वस्तू पुसून राखावी, घासून नव्हे," असे ते म्हणत. ते वाक्य मी त्या काळी कंजूषपणाचे लक्षण समजत असे.

वडील गेल्यावर गाडी माझ्याकडे आली आणि बदलीबरोबर रायपूरला पोहोचली. नळीच्या तोंडावर गंजाचे बारीक ठिपके दिसू लागले होते. त्यांच्या वर्षश्राद्धाच्या आधी ते तोंड पूर्वीसारखे झळझळीत करावे, अशा भावनेने मी सुताराकडचा पॉलिश पेपर घेतला आणि तासभर नेटाने घासले. ठिपके गेले खरे. पण कामाच्या अखेरीस पाहतो तो नळीचा निळसर पांढरा तजेला जाऊन तेथे एक पिवळट, उबदार छटा आली होती, आणि दोन ठिकाणी तीही जाऊन काळे लोखंड डोकावत होते. संध्याकाळी आमच्या ओळखीचे वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी वाकून पाहिले, बोट फिरविले आणि एवढेच म्हणाले, "साहब, मैल के साथ क्रोम भी उतर गया."

जे उतरले ते काय होते, हा प्रश्न त्या रात्री माझ्या मनात प्रथम उभा राहिला.

झळाळी राखण्याची विद्या आपल्या घरांना नवी नाही. तांब्यापितळेची भांडी चिंचेने व राखेने घासणे हे कित्येक पिढ्यांचे काम होते, आणि पितळेत आंबट कळकू नये म्हणून आतून कल्हई लावली जाई. कल्हईवाला भाता फुंकून भांडे तापवी, नवसागराची चिमूट टाकून पृष्ठभाग निर्मळ करी आणि कथलाचा पातळ थर कापसाच्या बोळ्याने पसरवी. एका हलक्या धातूला दुसऱ्याचे पांघरूण घालून त्याचा दोष झाकावयाचा, हे तत्त्व त्या भात्याच्या कडेला बसलेल्या मुलालाही ठाऊक असे. मोटारीच्या नळीवरची क्रोमची झळाळी ही याच कुळातली. फरक एवढाच, की येथे अग्नीच्या जागी वीज आली आणि कथलाच्या जागी एक नवा धातू.

पहिल्या मोटारींवर हा धातू नव्हता. १८९८ साली मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी प्रथम दिसू लागल्या, त्या काळी दिवे, भोंगे आणि पुढच्या जाळ्या पितळेच्या असत. पितळ सुंदर खरे, पण दोन दिवसांत काळवंडते. म्हणून मोटार बाळगणे म्हणजे ती घासणारा एक माणूस बाळगणे, असा हिशेब होता. १९०५ साली इंग्लंडात ब्रासो नावाचे पॉलिश निघाले, ते पितळेच्याच या गरजेपोटी. त्यानंतर निकेलचा मुलामा आला. तो पितळेहून टिकाऊ, तरी हवेने मंद व पिवळट होणारा. त्यालाही वरचेवर घासावे लागेच. न घासता चमकणारी वस्तू जगाला हवी होती.

ती ज्या धातूने दिली त्याचा जन्म मात्र मोटारीहून शंभर वर्षे जुना आहे. रशियात उरल पर्वताच्या बाजूस, बेरेझोव्स्क येथील सोन्याच्या खाणींत नारिंगी तांबड्या रंगाचे एक खनिज सापडे. १७६१ साली लेमन या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. त्याच्या रंगाने चित्रकार मोहून गेले, पण त्यात काय आहे हे कळावयास आणखी छत्तीस वर्षे लागली. राज्यक्रांतीतून नुकत्याच सावरणाऱ्या पॅरिसमध्ये लुई निकोला व्होकलाँ याने १७९७ साली त्या खनिजात एक नवा धातू असल्याचे ओळखले आणि पुढच्या वर्षी तो वेगळा केला. त्याची लवणे पिवळी, नारिंगी, हिरवी, जांभळी अशी नाना रंगांची निघाली. म्हणून ग्रीक भाषेतील रंगवाचक शब्दावरून त्याचे नाव क्रोमियम पडले. व्होकलाँनेच पुढे दाखविले की पाचूचा हिरवा रंग याच धातूच्या अंशाने येतो. माणकाची लालीही त्याचीच देणगी.

येथे मला थबकावे लागले. माणिक म्हणजे तरी काय? शुद्ध कुरुंदात क्रोमियमचा लेशमात्र मिसळला की त्याचे माणिक होते. कुरुंद हा आपल्याकडचा जुना शब्द. हिऱ्याच्या खालोखाल कठीण असलेल्या या खनिजाला पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी दिलेले नावही भारतीय शब्दावरूनच घेतलेले आहे. आणि धार लावण्याचे दगड व घासण्याचे कागद यांच्यावर जी रवाळ पूड चिकटविलेली असते, तीही बहुधा कुरुंदाच्याच जातीची. ज्या दोन द्रव्यांच्या संयोगाने निसर्ग माणिक घडवितो, त्यांतल्या एकाने दुसऱ्याला खरवडून टाकण्याचे काम मी शंकर नगरातल्या माझ्या अंगणात बसून केले होते!

क्रोमियम सापडले, तरी ते दुसऱ्या धातूवर चढविणे सोपे गेले नाही. विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याची कला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जन्मली आणि १८४० पासून इंग्लंडात तिचा धंदा झाला. सोने, चांदी, निकेल हे धातू तिला वश झाले. क्रोमियम मात्र हट्टी. बुन्सेनने १८५४ साली विजेच्या योगाने ते द्रावणातून वेगळे केले. पण ज्यावर कारखाना चालावा असा एकसारखा, चिकटून राहणारा थर मिळावयास विसावे शतक उजाडावे लागले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि त्यांचे सहकारी यांनी १९२० नंतरच्या वर्षांत ते साधले. क्रोमिक आम्लाच्या द्रावणात सुमारे शंभरास एक या प्रमाणात गंधकाम्ल असले की थर उत्तम बसतो, हे त्या यशाचे मर्म. दोन-तीन वर्षांतच अमेरिकेतील ओल्ड्समोबील मोटारीवर हा मुलामा झळकला आणि बघता बघता निकेलचे राज्य संपले.

हिंदुस्थानात हे लोण यावयास वेळ लागला नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे तेथेच फियाट तयार होऊ लागली आणि तिचेच नाव सत्तरच्या दशकात पद्मिनी झाले. उत्तरपाड्याची अँबॅसेडर १९५७ पासून २०१४ पर्यंत निघाली आणि सरकारी अधिकाराचे जणू चिन्ह बनली. तिच्या रुंद क्रोमच्या बंपरात आपला चेहरा पाहून टोपी नीट करणारे चपराशी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या धातूचे सामाजिक स्थान निराळे सांगावयास नको.

आता त्या झळाळीचे अंतरंग पाहू. नळीवर दिसते ते घन क्रोमियम नव्हे. खाली पोलाद, त्यावर बहुधा तांबे, त्यावर निकेल, आणि सर्वांत वर क्रोमियमचा थर. निकेलची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास, आणि क्रोमियमची त्याच्याही वीस ते चाळीस पटींनी कमी! गंजापासून खरे रक्षण निकेल करते. क्रोमियम त्या निकेलला काळवंडू देत नाही. स्वतः क्रोमियम का काळवंडत नाही, तर हवा लागताच त्यावर डोळ्यांना न दिसणारे प्राणिदाचे कवच तयार होते आणि ओरखडा पडला तरी क्षणात पुन्हा भरून येते. माझ्या नळीवरची पिवळट छटा ही उघड्या पडलेल्या निकेलची होती. वडिलांनी जवळजवळ चाळीस वर्षे राखलेला थर मी एका तासात झिजविला, कारण तो किती पातळ आहे याची कल्पना मला कधी शिवलीच नव्हती.

ज्यांच्या दारी अशी नळी असेल, त्यांच्यासाठी या ज्ञानाचा व्यवहारी भागही सांगून ठेवतो. गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी. कोरडे फडके प्रथम फिरवू नये. धुळीतली खर त्यानेच ओरखडे काढते. आधी भरपूर पाणी, मग सौम्य साबण, मग मऊ सुती कापड. संडास धुण्याचे आम्ल कदापि वापरू नये, कारण त्यातील लवणाम्ल क्रोमियमला विरघळविते. गंजाचे ठिपके असतील तर खाद्यपदार्थ गुंडाळावयाचा अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद पाण्यात भिजवून हलकेच चोळावा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमियमहून पुष्कळ मऊ असल्याने गंज निघतो, मुलामा राहतो. शेवटी मेणाचा पातळ हात द्यावा. तापून निळी-जांभळी झाक आली असेल तर तो मळ नव्हे. उष्णतेने जाड झालेल्या प्राणिदाच्या कवचातून प्रकाशाचा जो खेळ होतो, त्याचा तो रंग आहे. सौम्य पॉलिशने तो थोडाफार उतरतो, पण गाडी पुन्हा तापली की परत येतो.

नळीच्या आतही पाहावे. तेथली काजळी कोरडी व मखमलीसारखी काळी असेल तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जळत आहे. तेलकट असेल तर इंजिन तेल खात आहे. जुने मिस्त्री पूर्वी तेथे फिकट राखाडी रंग दिसला की समाधान पावत; तो पेट्रोलमधल्या शिशाचा अवशेष असे. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यावर ती खूण मावळली. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते : एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जाते. पण बंगल्यापासून कचेरीपर्यंतच्या दोन मैलांत नळी पुरती तापतच नाही. पाणी आतच साचते आणि आतून गंज धरते. बाहेरून चकाकणारी नळी आतून कुजते ती अशी. आणि शंकर नगरातल्या बहुतेक मोटारींचा प्रवास याच जातीचा आहे.

आता राहिला प्रश्न माझ्या नळीचा. मिस्त्रींनी उपाय सांगितला : पुन्हा मुलामा चढवून घ्यावा. त्यांनी दिलेल्या पत्त्यावर मी गेलो. ते दुकान कोठले, कोणाचे, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. अशी दुकाने आपल्या प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. अंधाऱ्या खोलीत गडद तांबड्या द्रावणाची टाकी उकळी फुटल्यासारखी बुडबुडत होती, आणि वीस-बावीस वर्षांचा एक तरुण उघड्या हातांनी तीतून वस्तू काढीत होता. माझी नळी घेण्यासाठी त्याने हात पुढे केला, तेव्हा बोटांच्या पेरांवर वाटाण्याएवढ्या खोलगट जखमा दिसल्या, कडा टणक झालेल्या. "दुखते का?" असे मी विचारले. तो हसून म्हणाला, "नहीं साहब, दर्द नहीं होता. नाक से कभी-कभी खून आता है."

नळी मी त्याच्या हाती दिली नाही. कागदात गुंडाळून परत आणली आणि पुढचे आठ दिवस या विषयावर जे मिळेल ते वाचीत राहिलो.

क्रोमियम धातुरूपात निरुपद्रवी आहे. बंपराला हात लावल्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण टाकीत ते ज्या क्रोमिक आम्लाच्या रूपाने असते ते अत्यंत दाहक. मुलामा चढविताना टाकीत सोडलेल्या विजेचा थोडाच भाग, शेकडा दहा ते वीस, धातू बसविण्यास लागतो; उरलेली बहुतेक वायूचे बुडबुडे निर्माण करण्यात खर्ची पडते. बुडबुडा फुटला की आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. ते कातडीवर बसले की तसले व्रण होतात. श्वासातून गेले की नाकाच्या पडद्याला भोक पडते. ही व्याधी काही आजची नव्हे. स्कॉटलंडचे वैद्य विल्यम क्युमिन यांनी १८२७ सालीच क्रोमच्या द्रव्यांत काम करणाऱ्या रंगाऱ्यांच्या हातांवरील व्रणांचे वर्णन करून ठेवले आहे. म्हणजे मोटारीवर क्रोम चढण्याच्या शंभर वर्षे आधी त्याची किंमत कोण देतो हे लिहिले गेले होते! पुढे १९९० साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्रोमियमची ही षट्‍संयुजी रूपे माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांच्या वर्गात घातली.

आपल्या कायद्याला हे अज्ञात होते असेही नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, ज्या रोगांची वर्दी देणे बंधनकारक होते त्यांच्या यादीत, क्रोमचा व्रण होता. टाकीच्या काठाशी तुषार ओढून नेणारी वायुवाहिनी, रबरी हातमोजे, हातांची व नाकाची नियमित तपासणी, हे सारे त्याखालील नियमांत होते. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यात किमान दहा माणसे असल्याशिवाय तो कायदा सहसा लागू होत नसे, आणि मी पाहिलेल्या दुकानात माणसे होती चार. ज्याची सबंध सेवा अशा कलमांच्या आणि परिशिष्टांच्या सहवासात गेली, त्याला ही गोष्ट वाचून जी टोचणी लागते ती शब्दांत कशी सांगावी? धुरासाठी मोटारीला आम्ही दहा फूट लांबीची नळी देतो, तिच्या तोंडाला अलंकार चढवितो. आणि तो अलंकार घडविणाऱ्याच्या डोक्यावर विषारी वाफ बाहेर काढणारी साधी नळी नसते.

या धातूची माती तरी कोठून येते? क्रोमाइट नावाचे त्याचे काळे खनिज थोड्या प्रमाणात मराठी मुलखातही आहे : सिंधुदुर्गात कणकवलीच्या आसपास आणि भंडारा जिल्ह्यात पवनीच्या बाजूस. पण देशातील साठ्यांपैकी नऊ दशांशांहून अधिक ओडिशात आहेत, मुख्यत्वे जाजपूर जिल्ह्यातील सुकिंदा खोऱ्यात. रायपूरहून महामार्गाने पूर्वेकडे निघाले की संबलपूर ओलांडून त्या मुलखाकडे जाता येते. २००७ साली एका आंतरराष्ट्रीय संस्थेने जगातील दहा अतिदूषित स्थळांची यादी प्रसिद्ध केली, तीत सुकिंदाचे नाव होते. खाणींतून वाहणाऱ्या पाण्यात तेच दाहक क्रोमियम उतरले होते. तेथल्या खनिजाचा फार मोठा भाग मुलाम्यासाठी नव्हे, तर गंजहीन पोलादासाठी, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या भांड्यांसाठी जातो, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. चिंचेपासून आणि कल्हईपासून आपल्या घरच्या बायकांना ज्या धातूने सोडविले, त्याचा भार कोणीतरी दूर डोंगरात वाहत आहे.

रायपूरला बदलून येणारे आम्ही मराठी अधिकारी काही पहिले नव्हेत. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहत. १८१८ साली इंग्रज अधिकाऱ्याने ठाणे रतनपुराहून रायपूरला हलविले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि तरीही शंभर वर्षे हा प्रदेश नागपूरच्याच कचेऱ्यांशी बांधलेला राहिला. वामनराव लाखे येथलेच. माधवराव सप्रे यांनी १९०० साली 'छत्तीसगढ़ मित्र' काढले, त्यातही लाख्यांचा हात होता. या माणसांनी आलेल्या मुलखाचे सुखदुःख आपले मानले, म्हणून येथल्या लोकांनी त्यांना परके मानले नाही. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात आम्ही त्यांची नावे अभिमानाने घेतो. पण बदलीच्या गावी आपला संबंध किती खोलवर जातो? फाटकाबाहेरच्या गल्लीत कोणाचे हात कशाने पोळतात, हे कळावयास मला एक नळी बिघडवावी लागली.

आता अपायकारक आम्लाऐवजी त्रिसंयुजी क्रोमियमच्या सौम्य द्रावणातून मुलामा देण्याची रीत निघाली आहे, आणि मोठ्या कारखान्यांत ती रुळतही आहे. त्या तरुणाच्या मालकाला मी त्याची माहिती दिली, रबरी हातमोजे नेऊन दिले आणि ओळखीच्या डॉक्टरांकडून मुलाचे नाक तपासून घेतले. पडद्याला अद्याप भोक पडलेले नाही; पण ज्या दिवसांत काम सोडावयास हवे त्यांत ते सोडणे त्याला परवडत नाही. दुकानाची रीतसर पाहणी व्हावी म्हणून संबंधित खात्याला पत्रही लिहिले आहे. याहून अधिक काही केले असा दावा मी करीत नाही.

वर्षश्राद्ध झाले. नळीचे ते तोंड मी पुन्हा गाडीला बसविले आहे, जसे होते तसे : अर्धे पांढरे, अर्धे पिवळट, दोन काळे डाग असलेले. दर रविवारी ते पाण्याने धुतो, मऊ कापडाने टिपतो आणि मेणाचा हात देतो. शेजारचे एक सद्‍गृहस्थ परवा म्हणाले, "अहो, एवढी जुनी गाडी राखता, तेवढे क्रोम तरी करून घ्या." मी त्यांना त्या दुकानाचा पत्ता दिला आणि म्हटले, "आधी एकदा स्वतः जाऊन या, मग ठरवू." ते गेले होते. परत आल्यावर त्यांनी तो विषय काढला नाही. फक्त हातमोजे कोठे मिळतात, एवढे विचारले.